बिस्किटांचा डबा

घाटकोपर पश्चिमेला, स्टेशनपासून पाच मिनिटांवर, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर टॅलीचा वर्ग भरायचा. सात ते नऊ. येणारे सगळे दिवसभर राबून आलेले: कुरिअरवाला, रिक्षावाला, मेडिकलवरचा पोरगा आणि पूर्वेला खाकऱ्याचं पॅकिंग करणारी एक बाई. तिला सगळे ताई म्हणत.

सरांचा नियम एकच, पण कडक. दारात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. येताना मोबाईल त्यात टाकायचा, जाताना घ्यायचा. सरांचं अगदीच चुकत होतं असं म्हणवत नाही. फी भरून आलेला माणूस रील बघत बसला की शिकवणाऱ्याचा जीव तुटतोच.

फोन सायलेंटवर असले तरी थरथरले की पत्रा वाजे. बाकीचे पुन्हा वहीत डोकं घालत. ताईंची मान मात्र डब्याकडेच. महिन्यानं सरांनी वह्या पाहिल्या. ताईंच्या वहीत तारखा सुबक, खाली पानं कोरी.

"असं कसं चालेल, ताई? जोतीराव-सावित्रीबाईंनी 1855 साली पुण्यात राहत्या घरी रात्रशाळा काढली, ती कष्टकऱ्यांसाठीच. दमूनभागून येऊन शिकलीच ना ती माणसं?"

"त्यांच्याकडं मोबाईल नव्हते, सर," रिक्षावाला म्हणाला. वर्ग हसला.

ताई हसल्या नाहीत. "पोरं तर असतील की हो."

तेवढ्यात डबा वाजला. थांबला. पुन्हा वाजला. सरांनी वैतागून झाकण काढलं आणि फोन कानाला लावला.

"आई, डाळीला शिट्ट्या किती?"

असल्फ्याच्या टेकडीवरच्या खोलीत अकरा वर्षांची मुलगी कुकरपुढं उभी होती. असल्फा म्हणजे मेट्रोनं दुसरंच स्टेशन. पण फोन डब्यात असला की ते कसाऱ्याइतकं लांब.

"तीन," सर म्हणाले. "आणि गॅस नीट बंद कर."

"तुम्ही कोण?"

सरांना पटकन उत्तर सुचलं नाही. त्यांनी फोन ताईंच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी दारात डबा नव्हता. "नियम तुम्हीच सांगा," सर म्हणाले. अर्धा तास नुसता कल्ला. शेवटी ठरलं: फोन बाकावर पालथा. घरचा असेल तरच घ्यायचा, तोही जिन्यात जाऊन. रील दिसली तर सगळ्या वर्गाला कटिंग. हे शेवटचं कलम रिक्षावाल्याचं, आणि पहिला भुर्दंड त्यालाच पडला. त्या चहासोबत डब्यातून पहिल्यांदाच बिस्किटं निघाली.

दोनेक आठवड्यांनी सर फळ्यावर लिहीत होते. रोखीनं फर्निचर घेतलं, 5,000 रुपये. रोख खाते नावे, फर्निचर खाते जमा.

"सर, उलटं झालं." ताईंचा फोन बाकावर पालथा, गप्प पडला होता. "आलंय ते फर्निचर. येतं ते नावे, जातं ते जमा."

सर डस्टर शोधू लागले.