जादा तास कुणासाठी?

शिष्यवृत्ती परीक्षा २०१६-१७ पासून चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीला गेली आणि चौथीपर्यंतच्याच वर्गांच्या गावशाळांतून ती उठलीच. २०२५ मध्ये सरकारनं ती पुन्हा चौथी-सातवीला आणायचं ठरवलं. त्याबरोबर कडेगाव तालुक्यातल्या शाळांत जुना प्रश्नही परत आला: जादा तासाला निवडक पोरं बसवायची, की सगळा वर्ग? चौथीच्या एका बाई आणि त्याच शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी यांच्यात त्यावरून चांगलाच वाद झाला.

बाई परीक्षेच्या बाजूच्या. "स्पर्धा नको म्हणणं ज्यांची मुलं पुण्यात शिकतात त्यांना परवडतं, गुरुजी. आपण तालुक्याबाहेर कुठं उभे आहोत, हे आमच्या पोरांना दुसरीकडं कुठं कळणार?" शिवाय पैसा. २०२३ पर्यंत धाकट्या गटाची शिष्यवृत्ती वर्षाला हजाराच्या वर नव्हती; आता पाच हजार आहे, तीही तीन वर्षं. मजुरी करणाऱ्या घरात एवढ्यात पोरीच्या वह्या-गणवेशाची चिंता मिटते.

गुरुजींची हरकत पैशाला नव्हतीच.

"यादीत आलेल्यांचे फोटो फ्लेक्सवर लागतात. वर्गात एकूण पोरं किती होती, ते त्यावर कुठं लिहिलेलं असतं? ऑगस्टातच आपण आठ-दहा पोरं बाजूला काढतो. बाकीची परीक्षेत नापास होत नाहीत बाई, ती त्या दिवशीच होतात."

हे बाईंना लागलं. त्यांनी परवाचा प्रसंग सांगितला. फळ्यावर मालिका होती: २, ६, १२, २०, पुढं काय? निवडलेल्या पोरांनी फरक काढले, ४, ६, ८, म्हणून पुढं १०, उत्तर ३०. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "बाई, बे एके बे, बे त्रिक सहा, तीन चोक बारा, चार पंचे वीस. मग पाच सक तीस!" बाई म्हणाल्या, "परीक्षा होती म्हणून हा प्रश्न माझ्या वर्गात आला. नाहीतर तिला असं काही सुचतं हे मला कधी कळलं असतं?"

"ती पोरगी जादा तासाला आहे?"

"नाही."

"आणि असती तरी? दीड तासात पंच्याहत्तर प्रश्न, म्हणजे एकाला ७२ सेकंद. दुसरी रीत सुचली म्हणून तिथं जास्तीचा गुण नाही. गोळा काळा करायचा आणि पुढं जायचं."

इथं गुरुजींचं पारडं जड आहे, हे मान्यच करायला हवं. पण प्रश्न वर्गात आणला तो परीक्षेनंच, आणि त्यावर गुरुजींकडं उत्तर नव्हतं. स्पर्धेचा खरा लाभ निकालाच्या कितीतरी आधी, तयारीत असतो. म्हणूनच ती तयारी मोजक्या पोरांपुरती ठेवणं हा अन्याय आहे.

बाईंनी मग सोनसळ गाठलं. याच तालुक्यातल्या सोनसळच्या पतंगराव कदमांनी १९६४ मध्ये भारती विद्यापीठ स्थापन केलं, त्याची सुरुवात कॉलेजांनी झाली नाही. शाळकरी मुलांच्या इंग्रजी-गणिताच्या परीक्षांनी झाली. "खेड्यातली पोरं ज्या विषयांना घाबरतात, नेमके तेच दोन!"

"भीती घालवायला परीक्षा असेल तर माझी ना नाही," गुरुजी म्हणाले. "पण मोहित्यांच्या वडगावात बघा. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. तिथं नंबर नाही, फ्लेक्स नाही, अन् पोरं अभ्यासाला बसतात."

"भोंगा पोरांना बसवतो. पुस्तक उघडल्यावर काय गाठायचं, ते भोंगा सांगत नाही."

गुरुजी एकदम ऊसतोडीवर आले. "दिवाळीच्या आसपास फॉर्म भरले जातात. टोळ्यांबरोबरची कितीतरी पोरं त्यानंतर वर्गात येतात. त्यांना तासाला बसवणार?"

"बसवीन. सगळा वर्ग बसवीन."

"आणि जानेवारीत यादीत येण्याजोगी दोघं मागं पडू लागली तर?"

बाई जरा थांबल्या. "त्यांना सकाळी वेगळं घेईन."

"म्हणजे निवड आलीच की."

"आली. पण जानेवारीत आली, ऑगस्टात नाही."

"उशिरा मागं ठेवलेलं पोर कमी मागं राहतं का, बाई?"

"मधल्या पाच महिन्यांत त्याला मालिका सोडवायला आलेली असेल, गुरुजी."