नदीची उंची, नदीची जागा

‘लाल रेषेच्या आत आहे, पण काळजी करू नका. भराव टाकला की परवानगी मिळते.’ कोल्हापुरात प्लॉट बघायला गेलेल्या एका नातेवाइकांना हे ऐकवलं गेलं. सांगणारा खोटं बोलत नव्हता. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पट्ट्यात, बांधकामाला मनाई आहे. तिथून शंभर वर्षांतल्या पुराच्या लाल रेषेपर्यंत मात्र जोतं लाल पातळीच्या 0.45 मीटर वर घेतलं की बांधता येतं.

शंभर वर्षांतून एकदा, हे ऐकायला दूरचं वाटतं. पण पन्नास वर्षं टिकणाऱ्या घराला तो पूर गाठण्याची शक्यता जवळजवळ 40 टक्के, तीही पाऊस पूर्वीसारखाच पडेल असं धरून. कोल्हापुरात पंचगंगेची धोका पातळी 43 फूट; 2019 मध्ये पाणी 55 फुटांवर गेलं, 2021 मध्ये 56 च्या वर.

अलमट्टी धरणामुळं इथं पूर येतो का, हा वाद वाचकांना पाठ आहे, तो बाजूला ठेवतो. मला सलतो तो उंची आणि जागा यांतला फरक. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर आपण पाण्याचे फूट मोजतो, नियमही जोत्याची उंचीच विचारतो. नदीला हवी असते जागा. भराव टाकणाऱ्याचं घर कोरडं राहतं, पण त्याच्या प्लॉटवर पसरलं असतं ते पाणी शेजारच्या जुन्या वस्तीत शिरतं. नियम पाळूनच तो दुसऱ्याचा पूर वाढवतो.

नृसिंहवाडीला कृष्णेचं पाणी दत्तमंदिरात शिरून पादुकांवरून दक्षिणद्वारातून बाहेर पडतं आणि लोक त्या सोहळ्यात स्नानाला गर्दी करतात. पाण्याला वाट आहे हे तिथं गृहीतच धरलेलं आहे.

माझे एक वास्तुविशारद मित्र म्हणतात, ‘शहर वाढणार, त्याला जमीन आणायची कुठून?’ नदीकडून नको, एवढंच माझं उत्तर होतं. पाऊस बदलतो आहे, तर रेषा बाहेर सरकवा, आतलं सगळं बांधकाम बंद करा, असंच मी लिहिणार होतो. पण ज्याचं अर्धा एकर मळीचं रान त्या रेषेत जाईल, त्याच्या जमिनीचा भाव एका नकाशानं पडेल. शहराचं पाणी तो पोटात घेणार आणि त्याला काहीच मिळणार नाही. रस्त्यासाठी जमीन गेली तर आपण टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, देतो. मग पाण्यासाठी का नको? विकास आराखड्यात शाळा, बाग, दवाखाना यांची आरक्षणं असतात, तसंच पुराच्या पाण्याचं आरक्षण असावं, मोबदल्यासकट. जलसंपदा खात्यानं आखलेली रेषा आराखड्यावर नुसती उमटवून ते होणार नाही. दर आराखड्याच्या वेळी नव्या पावसाच्या नोंदी घेऊन ती रेषा पुन्हा आखावी लागेल.

हा मोबदला सगळ्या शहरानं मिळून द्यायचा. मग त्याचा भार उंचावरच्या कोरड्या वस्त्यांनी का उचलावा, असं तेच मित्र विचारतात. त्यांच्या गच्च्यांवरचं आणि काँक्रीटच्या रस्त्यांवरचं पाणी खालीच उतरतं, म्हणून.