मधला माणूस

मागच्या ईदला आमचा भाचा नाशिकहून कॉफीचे एक पाकीट घेऊन आला. पाकिटावर डोंगर, लाल फळांनी लगडलेली फांदी आणि खाली एक ओळ : दलालाविना, थेट आदिवासी शेतकऱ्याकडून. आम्ही ती ओळ चाचांना वाचून दाखवली. चाचांनी चाळीस वर्षे पेठ तालुक्यातल्या पाड्यांवर आंबा घेतला आणि नाशिकला नेऊन विकला. बशीतल्या कॉफीवर फुंकर घालत त्यांनी विचारले, "म्हणजे आमच्यासारख्याला मधून काढला, हाच सवाब झाला का?"

शेरखुर्म्याच्या गडबडीत प्रश्न हसण्यावारी गेला. आमच्या मनातून मात्र गेला नाही. आज आम्ही उर्दू शाळेत शिकवतो ते ज्या बी.एड.च्या बळावर, तिची फी याच आंब्याच्या पैशातून भरली गेली होती. मधला माणूस वाईट असेल, तर त्या वाईटात आमचाही वाटा आहे. तो वाईट नसेल, तर पाकिटावरची ती ओळ कशाचा अभिमान सांगते?

कॉफीशी आपले नाते जुने आहे. पंधराव्या शतकात येमेनचे सूफी रात्रीच्या जिक्रला जाग राहावी म्हणून कहवा पीत. मोखा बंदरातून तो जगभर गेला. बाबा बुदन यांनी हजहून परतताना येमेनमधून सात बिया आणल्या आणि चिकमंगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी कथा परंपरेने चालत आली आहे. तो डोंगर आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. फकिराने आणलेले हे झाड पुढे इंग्रज मळेवाल्यांच्या हाती गेले. पिकवणारा आणि पिणारा यांच्यात समुद्राएवढे अंतर पडले.

हे अंतर कमी करण्याचे प्रयत्न झाले. आपल्या देशात बागायतदाराला अनेक वर्षे आपली कॉफी कॉफी बोर्डाच्या सामायिक साठ्यात द्यावी लागे. १९९६ पर्यंत हे बंधन पूर्ण सुटले. पण जगाच्या बाजारात १९८९ सालीच आंतरराष्ट्रीय करारातली कोट्याची पद्धत मोडली होती, आणि २००१-०२ च्या सुमारास कॉफीचे भाव असे कोसळले की अनेक छोट्या शेतकऱ्यांचा पिकवण्याचा खर्चही निघेना. विकायची मोकळीक मिळाली होती, भाव ठरवण्याची ताकद नव्हती. त्याआधी १९८८ साली नेदरलँड्समध्ये 'मॅक्स हावेलार' हा शिक्का निघाला होता. शेतकऱ्याला ठरावीक किमान भाव देणाऱ्या कॉफीवर तो लागे. पुढे काही व्यापारी शिक्क्यावाचूनच थेट शेतकऱ्यापर्यंत जाऊ लागले. आंध्रातल्या अराकू खोऱ्यातले आदिवासी मोठ्या झाडांच्या सावलीत छोट्या तुकड्यांवर कॉफी घेतात. ते सहकारी संस्थेत एकत्र आले, पिकलेले लाल फळच तोडायचे हे शिकले, आणि २०१७ साली त्यांच्या कॉफीचे दुकान पॅरिसमध्ये उघडले. २०१९ मध्ये अराकूच्या कॉफीला भौगोलिक मानांकन मिळाले.

पेठेत कॉफी नाही. महाराष्ट्रात ती चिखलदऱ्याच्या थंड डोंगरावर होते. पण अराकूविषयी वाचताना आम्हाला सावळघाटापलीकडचा आमचाच मुलूख दिसू लागला. इथेही उतारावरची जमीन, धो धो पाऊस, आणि उन्हाळ्यात हंड्याची रांग. इथेही नागली, वरई, खुरासणी आणि आंबा पिकवणारा आदिवासी माल विकताना एकटा असतो. दिवाळीनंतर घराला कुलूप लावून माणसे दिंडोरी-पिंपळगावच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात.

आम्ही आठ-नऊ वर्षांचे असताना चाचांबरोबर पाड्यांवर जात असू. करंजाळीच्या पुढे एका पाड्यावर एक म्हातारी होती. तिची दोन रायवळ झाडे. चाचा माघात यायचे, मोहोराकडे बघून आकडा सांगायचे. म्हातारी मान हलवायची. तिने नाही म्हटल्याचे आम्ही कधी पाहिले नाही. वाटायचे, किती भली बाई! पुढे कळले की श्रावणात घरातले धान्य संपले की ती चाचांकडून उचल घ्यायची. झाडाला मोहोर येण्याआधीच आंबा विकला गेलेला असे. ज्या साली मोहोर गळे, त्या साली उचल पुढच्या वर्षावर जाई. झाडे तिची, पण बहार दुसऱ्याचा. मग त्या झाडांच्या बुडाशी ती माती तरी कशाला लावील? कोकणात कराराने घेतलेल्या काही बागांत यंदाचा मोहोर वाढावा म्हणून झाडाची वाढ रोखणारे औषध बेसुमार घालतात आणि झाड खंगते, त्याचेही मूळ हेच. ज्याला एकाच वर्षाचा हक्क, तो एकाच वर्षाचा विचार करतो.

तरीही चाचांच्या बाजूने बोलले पाहिजे. मध्यरात्री नातवाला दवाखान्यात न्यायला म्हातारीला पैसे त्यांनीच दिले होते. बँक तेव्हा तिच्या दारात आली नव्हती. उतारावरून पाट्या उतरवणे, दबका-डागी आंबा वेगळा करणे, वाटेत सडलेल्या मालाचा तोटा सोसणे, ही कामे कोणी तरी करायलाच हवीत. मधला माणूस काढला म्हणून ती नाहीशी होत नाहीत. थेट खरेदीवाला निवडक माल उचलून गेला, तर उरलेली पाटी कोण घेणार? सरकारनेही मधला माणूस काढू पाहिला होता. १९७२ साली आदिवासी विकास महामंडळ निघाले, पुढे एकाधिकार खरेदी आली. त्या योजनेबरोबर खावटी कर्जही होते. पावसाळ्यातली भूक आणि हिवाळ्यातला सौदा एकाच दोरीने बांधलेले आहेत, हे तिने ओळखले होते.

या विचारात असताना आम्हाला लहानपणी मदरशात ऐकलेली एक हदीस आठवली. बाजाराकडे निघालेल्या काफिल्याला वाटेतच गाठून माल घेण्याची त्यात मनाई आहे. कोणी घेतलाच, तर विकणाऱ्याला बाजारात पोचल्यावर सौदा मोडण्याचा हक्क राहतो. आम्ही थबकलो. वाटेत जाऊन उत्पादकाकडून घेणे म्हणजे थेट खरेदीच की! मनाई तिलाच आहे. कारण उघड आहे. वाटेवरच्या माणसाला बाजारभाव ठाऊक नसतो. झाडावरचे फळ तयार होऊ लागल्याचे दिसण्याआधी त्याचा सौदा करू नये, अशीही शिकवण आहे. फळच आले नाही, तर घेतलेला पैसा कशाच्या हक्काने ठेवायचा? या दोन मनायांत मध्यस्थ किती, याचा हिशोबच नाही. विकणाऱ्याला भाव माहीत आहे का, आणि न आलेल्या फळाचा बोजा कोणावर पडतो, एवढेच त्यात पाहिले आहे.

म्हणून चाचांच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे आहे. मधून माणूस काढणे हा काही सवाब नव्हे. विकणाऱ्याला भाव कळला पाहिजे, त्याला नाही म्हणता आले पाहिजे, आणि त्याची उचल त्याच्या मालाशी बांधलेली नसली पाहिजे. हे पाळणारा दलाल हलाल रोजी कमावतो. हे न पाळणारा थेट खरेदीदार सुंदर पाकिटातून तीच जुनी उचल विकतो. अराकूचे मोल पॅरिसच्या दुकानात नाही. तिथला शेतकरी संस्थेच्या आधाराने भाव विचारू शकतो, यात आहे. आमच्याकडेही शेतकऱ्यांनी गट करून नागली-आंबा विकला, तर गटाकडे भावाच्या माहितीइतकीच श्रावणात द्यायला पेटी हवी. २०२४-२५ साठी नागलीचा हमीभाव क्विंटलला ४,२९० रुपये होता. पण तो माहीत नसलेल्या आणि चुलीसाठी आजच विकावे लागणाऱ्या बाईला त्या आकड्याचा काय उपयोग?

म्हातारी आता नाही. तिचा हिशोब आम्हाला चुकता करता येणार नाही. आमच्या वर्गात मात्र बागवानांची मुले आहेत, उद्या त्यांतली काही पाड्यांवर जातील. नफा-तोट्याच्या गणितात खरेदी किंमत दिलेली असते. ती कोणी, कशी ठरवली, हे पुस्तक विचारत नाही. आम्ही आता ते विचारतो. आठवडे बाजाराच्या आदल्या दिवशी नाशिकचा भाव शाळेबाहेरच्या फळ्यावर लिहून ठेवतो. येणारे-जाणारे थांबून वाचतात, काही जण वाचून घेतात.

चाचांना हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "लिही. पण दर आठवड्याला बदल. शिळा भाव म्हणजे खोटं मापच."