पगारी निष्ठा

मराठीत ‘हौशी’ आणि ‘धंदेवाईक’ असे दोन शब्द आहेत. पहिल्याच्या वाट्याला आपण सारे कौतुक दिले आणि दुसऱ्याच्या वाट्याला संशय. खेळाच्या बाबतीत हा भेद आपण इंग्रजांकडून घेतला व तो पारखून पाहण्याची तसदी घेतली नाही. ज्यांच्या घरी जमिनीचा वसूल आयता येत होता त्या सद्गृहस्थांना पैशावाचून खेळणे परवडत होते. आपल्या सुबत्तेलाच त्यांनी सद्गुण म्हटले. ऑलिंपिकच्या बास्केटबॉलमध्ये अमेरिकेच्या धंदेवाईक खेळाडूंना प्रवेश मिळण्यास १९८९ साल उजाडावे लागले.

हा विषय नवा रायपुरात बसून सुचावा ह्यात नवल नाही. २०१२ साली येथे मंत्रालय आले आणि अद्यापही पुष्कळ कर्मचारी सकाळी जुन्या रायपुराहून येतात व संध्याकाळी परत जातात. ज्या गावी कोणाचा आजा जन्मला नाही त्या गावावर प्रेम कसे करावे? ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा हीदेखील अशीच कागदावर आखून मग उभारलेली. १९१३ साली तिला नाव मिळाले, १९२७ साली तेथे संसद आली, आणि वस्तीत मोठा भरणा झाला तो बाहेरून आलेल्या नोकरदारांचा. त्या शहराच्या बास्केटबॉल संघाचे नावच ‘कॅपिटल्स’. ह्या संघाची सर्वांत नामवंत खेळाडू लॉरेन जॅक्सन ही होय.

तिचा जन्म १९८१ चा, न्यू साउथ वेल्समधील ऑल्बरीचा. आईवडील दोघेही ऑस्ट्रेलियाकडून खेळलेले. विशीच्या आतच, २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये तिला रौप्यपदक मिळाले. २००१ साली अमेरिकेच्या स्त्रियांच्या लीगमध्ये सिअ‍ॅटल संघाने तिची निवड पहिल्याच क्रमांकावर केली. २००३, २००७ आणि २०१० असा तीनदा तेथील सर्वोत्तम खेळाडूचा मान तिने मिळविला. अमेरिकेतला हंगाम उन्हाळ्यातला. इतर महिन्यांत ती कधी कॅनबेराकडून, तर कधी रशियातील स्पार्टाककडून खेळली. करार, मोबदला, विमान आणि पुन्हा करार, असा तो क्रम. भाडोत्री म्हणण्यास लागते ते सारे येथे आहे.

परंतु २००४ हे एकच साल पाहा. ऑगस्टमध्ये अथेन्सला अंतिम सामना झाला तो ऑस्ट्रेलिया व अमेरिका ह्यांच्यात. समोर अमेरिकेकडून स्यू बर्ड होती. जॅक्सनचा संघ हरला. ऑक्टोबरात ह्याच दोघी सिअ‍ॅटलच्या एका पोशाखात शेजारी उभ्या राहिल्या आणि त्यांनी अजिंक्यपद जिंकले. आता तिची निष्ठा खरी कोणती, ऑगस्टमधली की ऑक्टोबरातली? प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात निष्ठा म्हणजे एक ठेव आहे. एकीकडे दिली म्हणजे दुसरीकडे तितकी कमी पडणार. माझ्या मते हे गृहीतच चुकीचे आहे. तशा हिशेबाने दोन मुलांच्या आईला अर्धेच वात्सल्य उरले असते.

आपल्या रंगभूमीवर हा प्रश्न फार पूर्वी सुटलेला आहे, हे आपण विसरतो. नाटक मंडळीतले नट पगारी असत. मोठे नट एका कंपनीतून दुसरीत जात. बालगंधर्वांनी तर १९१३ साली किर्लोस्कर मंडळी सोडून आपली कंपनी काढली. तरीही १९११ च्या मार्च महिन्यात, ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग ज्या दिवशी होता त्याच दिवशी, त्यांची तान्ही मुलगी गेली आणि त्यांनी प्रयोग केला. तो पैशासाठी केला असे म्हणण्याची कोणाची छाती होईल? पैसे तर घेतलेच होते. पैसे घेतल्यामुळे रंगमंचावर उभे राहता आले. उभे राहिल्यावर जे घडले ते पैशाने विकत मिळणारे नव्हते. खाल्ल्या मिठाला जागणे असे आपण म्हणतो त्यात मीठ नाकारलेले नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे.

भिलाईचे उदाहरण मात्र इतके सोपे नाही. राजेश पटेल ह्यांनी तेथे वर्षानुवर्षे बास्केटबॉलच्या मुली घडविल्या. छत्तीसगढ हे २००० साली जन्मलेले राज्य. त्याच्या मुली राष्ट्रीय स्पर्धांत अजिंक्यपदे जिंकू लागल्या त्या ह्या गृहस्थांच्या मेहनतीवर. २०१८ साली ते वारले. आपल्या देशात खेळाडूचे पोट भरील अशी धंदेवाईक लीग दीर्घकाळ रुजली नाही, म्हणून चांगली खेळाडू सहसा रेल्वेच्या नोकरीत जाते. केरळची गीतू अ‍ॅना जोस २००६ साली ऑस्ट्रेलियातील रिंगवुड संघाकडून खेळली तीही रेल्वेचीच. म्हणजे आपल्याकडे खेळाडू हा धंदेवाईक नसतो, तो सरकारी नोकर असतो! आणि मग अशी वेळ येते की भिलाईच्या मैदानावर वाढलेली मुलगी रेल्वेचा पोशाख घालून, जिने तिला वाढविले त्याच संघासमोर उभी राहते.

तिने काय करावे? मन लावून खेळू नये असे कोणी म्हणणार नाही. तिने चेंडू मुद्दाम चुकविला तर रेल्वेचा विश्वासघात होईलच, पण त्याहून अधिक गुरूचा होईल, कारण असे खेळण्याचे त्याने तिला शिकविलेले नव्हते. तरी सामना संपल्यावर एक सल उरतो, आणि तो उरू नये असे मला वाटत नाही. काही ऋणे फेडता येत नाहीत.

आपणा बदलीच्या माणसांचे ह्याच्याशी नाते आहे, पण ते आपण मानतो तितके जवळचे नाही. जॅक्सनचा गुडघा गेला आणि २०१६ साली तिला निवृत्त व्हावे लागले. आपला गुडघा गेला तरी फाइल पुढे सरकते, पहिल्या तारखेस वेतन जमा होते. खेळाडूची निष्ठा दर शनिवारी हजारो लोकांसमोर तपासली जाते. आपली गोपनीय अहवालात, आणि तो लिहिणाराही बहुधा बदलीच्या वाटेवर असतो. म्हणून ‘भाडोत्री’ हा शब्द तिच्यापेक्षा आपणास अधिक सहज चिकटू शकतो. मनाने पुण्यात वा नागपुरात राहून देहाने सरगुज्यात तीन वर्षे काढणारे अधिकारी आपण सर्वांनी पाहिले आहेत.

उलट माधवराव सप्रे आठवतात. घर मराठी. पण १९०० साली पेंड्र्याहून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ काढले ते हिंदीत. दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेले तेही त्यांनीच. १९२६ साली रायपुरास त्यांचा देह पडला. त्यांना येथे कोणी बदलीवर धाडले नव्हते हे खरे. परंतु त्यांनी मराठी सोडलीही नाही. जे इकडचे होते ते तिकडे पोहोचविले, एवढेच.

जॅक्सन २०२२ साली पुन्हा मैदानावर आली. वय एकेचाळीस, पदरी दोन मुलगे. आधी जन्मगावच्या ऑल्बरी-वोडोंगा संघाकडून खेळली, मग सिडनीतील जागतिक स्पर्धेत. कांस्यपदकाच्या सामन्यात कॅनडाविरुद्ध तिने तीस गुण केले. २०२४ साली पॅरिसला गेली तेव्हा तिला क्वचितच खेळविले गेले. बहुतेक वेळ ती बाकावर बसून तरुण मुलींना हाकारे देत होती. ऑल्बरीच्या क्रीडागृहास तिचे नाव आहे. कॅनबेरात, जेथे निम्मे प्रेक्षक दुसरीकडून आलेले, तिच्या खेळाला टाळ्या देताना कोणी ती मूळची कोठली हे विचारले असेल असे वाटत नाही.