वारा किती?

काल संध्याकाळी गच्चीवरून कपडे काढत होते. सासूबाईंनी जिन्यातून विचारलं, "वारा फार आहे का गं वर?" मी म्हटलं, "नाही, बरा आहे." त्या वर आल्या आणि दोन मिनिटांत पदर कानांवर घेत म्हणाल्या, "याला बरा म्हणतेस होय?" आम्ही दोघी आपापल्या जागी खऱ्याच होतो. माझा 'बरा' आणि त्यांचा 'बरा' तेवढा वेगळा निघाला.

अशा वेळी मला फ्रान्सिस बोफर्ट आठवतात. ते ब्रिटिश आरमारातले अधिकारी, जन्म आयर्लंडमधला, १७७४चा. चौदा-पंधराव्या वर्षीच समुद्रावर गेले, तेव्हापासून लाटा आणि जखमा दोन्ही सोसल्या. १८०६च्या जानेवारीत ते वुलविच नावाच्या जहाजाचे कप्तान होते. जहाज लढाईवर जाणारं नव्हतं, आरमाराला सामान पोचवणारं होतं. त्या साध्या कामावर असताना त्यांनी आपल्या खाजगी रोजनिशीत वाऱ्याला आकडे दिले. त्या काळी प्रत्येक खलाशी 'जोराचा वारा' असं लिही, पण एकाचा जोर दुसऱ्याला झुळूक वाटे. बोफर्टनी पुढे हे आकडे जहाजाच्या शिडांशी जोडले. जहाज जेमतेम सुकाणूचं ऐकेल, इतका वारा म्हणजे एक. मग वारा वाढेल तशी शिडं उतरवायची, गुंडाळायची. एकही शीड टिकणार नाही, तो बारा. मला यातलं मोठेपण असं वाटतं, की वारा कसा वाटला हे त्यांनी विचारलंच नाही. वाऱ्याने काय केलं, ते पाहिलं. शिडं तर सगळ्यांनाच दिसतात.

१८३८मध्ये हे आकडे साऱ्या ब्रिटिश आरमारात लागू झाले. बोफर्ट तोवर आरमाराच्या सागरी नकाशांचे प्रमुख होते, आणि १८५५पर्यंत, म्हणजे ऐंशी ओलांडल्यावरही, तिथेच राबत होते. हवामानाची नोंद लिहिणं त्यांनी अखेरपर्यंत सोडलं नाही. पुढे इतरांनी जमिनीवरच्या माणसांसाठीही खुणा ठरवल्या. धूर सरळ वर गेला तर शून्य. पानं सळसळली की दोन. छत्री सांभाळणं अवघड झालं की सहा. किती घरगुती खुणा आहेत या!

आपण दिवसभर 'फार', 'थोडं', 'बरं', 'कसंतरीच' म्हणत असतो. डॉक्टरांना सांगतो, "फार दुखतंय." पण 'जिना चढताना मध्ये दोनदा थांबावं लागतं' असं सांगितलं, तर त्यांना लगेच कळतं. मुलगा म्हणतो, "अभ्यास झाला थोडा." "कुठल्या गणितापर्यंत आलास?" असं मायेने विचारलं, तर तो वही उघडून दाखवतो. भांडण टळतं ते वेगळंच. आणि रात्री 'आजचा दिवस वाईट गेला' असं मनात आलं, तर मी हल्ली थांबून आठवते, आज कुठली शिडं उतरवावी लागली? बहुतेक वेळा एखादंच निघतं. बाकीची वर असतात.

आज सकाळी सासूबाईंनी पुन्हा विचारलं, "वारा कसा आहे?" मी दोरीकडे पाहिलं. "चिमटे लावलेत, तरी चादर उलटी होतेय." त्या शाल घेऊनच वर आल्या.