लहान, पण कोणापेक्षा?

मत्तयाच्या शुभवर्तमानात, अकराव्या अध्यायाच्या अकराव्या वचनात, येशू बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला मोठेपणात सगळ्या माणसांच्या पुढे बसवतो आणि लगेच सांगतो की स्वर्गाच्या राज्यातला ‘मिक्रोतेरोस’ योहानाहूनही मोठा आहे. ‘मिक्रोस’ म्हणजे लहान. ‘तेरोस’ हा तुलनेचा प्रत्यय, संस्कृत ‘तर’शी एकाच मुळातून आलेला. म्हणजे ‘अधिक लहान’. कोणापेक्षा, ते वचनात नाही. गंमत अशी की त्याच वाक्यात ‘मोठा’ या शब्दाला ‘त्याच्याहून’ची जोड आहे, ‘लहान’ मात्र मोकळाच सोडला आहे.

चौथ्या शतकातल्या योहान ख्रिसोस्तमने ही तुलना अक्षरशः घेतली. लहान म्हणजे योहानापेक्षा लहान, वयाने आणि लोकांच्या नजरेतही, अर्थात स्वतः येशू. ग्रीक ही ख्रिसोस्तमची मातृभाषा, त्यामुळे हा अर्थ सहज झटकून टाकता येत नाही.

तरी मला ‘सर्वांत लहान’ हाच अर्थ पटतो. नव्या कराराच्या काळातल्या बोलीत तमभावाची रूपं मागे पडत चालली होती आणि तरभावच दोन्ही कामं करत होता. विश्वास, आशा आणि प्रीती अशी तीन नावं घेऊन पौल प्रीतीला मोठी ठरवतो, तेव्हा तिघांतल्या निवडीलाही तो तरभावच वापरतो. आजच्या ग्रीकमध्येही उपपदासह तरभाव आला की अर्थ ‘सर्वांत’ असाच होतो, आणि आपल्या वचनात उपपद आहे. एक अडचण उरतेच: मत्तयाच्याच पाचव्या अध्यायात, याच राज्याबद्दल बोलताना, ‘एलाखिस्तोस’ हे रोकडं तमभावी रूप आलं आहे. तो शब्द हाताशी असताना इथे का नाही?

पण अशी रूपं झिजतातही. इफिसकरांना लिहिताना पौल याच ‘एलाखिस्तोस’ला वर ‘तेरोस’ जोडतो, जणू ‘लहानतमतर’. व्याकरणाचे मास्तर कपाळाला हात लावतील. पण मुळात तमभावी असलेल्या ‘श्रेष्ठ’ला आपणही ‘श्रेष्ठतम’ करतोच की.

मराठीत विशेषणाला असा जिवंत प्रत्यय नाही. ‘पेक्षा’ किंवा ‘सर्वांत’ यांतलं एक लिहावंच लागतं. नुसतं ‘लहान’ ठेवलं तर आपल्याकडे ते वयालाही लागतं, म्हणजे ख्रिसोस्तमचा अर्थ निदान दाराशी उभा राहतो. ‘सर्वांत’ लिहिलं की त्याला आत यायला जागाच नाही.