देखणेपणाचे माप

मनुष्याने पाळलेल्या पशुपक्ष्यांपैकी बहुतेकांना त्याने काही कामाच्या अपेक्षेनेच आश्रय दिला, आणि तेच काम दुसरे कोणी अधिक स्वस्तात करू लागताच त्यांना निरोप देताना फारसा संकोचही केला नाही. परंतु काही थोड्यांच्या बाबतीत असा चमत्कारिक प्रकार घडला की, उपयोग संपला तरी लौकिक संपला नाही, किंबहुना उपयोग मागे पडल्यावरच त्यांच्या रूपाची बारीक चिकित्सा सुरू झाली. इंग्लंडातील ऑर्पिंग्टन जातीची कोंबडी हे या प्रकाराचे मोठे बोलके उदाहरण आहे. तिच्याएवढे दोन्ही वेळ दाणे खाऊन तिच्यापेक्षा कितीतरी अधिक अंडी देणारे संकरित पक्षी आज सर्वत्र आहेत, मांसासाठी वाढवलेला पक्षी तर तिच्या मानाने अल्प मुदतीत विक्रीयोग्य होतो; तरीही इंग्लंडात, युरोपात आणि अमेरिकेत शेकडो माणसे ही जात परसात पाळतात, प्रत्येक हंगामात जोड्या लावतात, पिल्ले निवडतात आणि थंडीच्या दिवसांत आपले उत्तम पक्षी पिंजऱ्यांत घालून परीक्षकासमोर नेऊन मांडतात.

पक्षी मात्र खरोखरच पाहण्यासारखा आहे. चांगल्या वाढलेल्या नराचे वजन चार किलोंच्या वर जाते, आणि मऊ, रुंद, दाट पिसांमुळे तो त्याहूनही थोर भासतो. पायांच्या नळ्या पिसांच्या घोळात जवळजवळ लपलेल्या, पाठ आखूड, छाती भरदार, डोके मात्र लहानसे आणि त्यावर बेताचा तांबडा तुरा. गादीवर लोडाला टेकून बसलेल्या सावकारासारखा तो स्वस्थ, जड आणि काहीसा आत्मसंतुष्ट दिसतो, व उडण्याची हौस त्याला नसल्याने कमी उंचीच्या कुंपणातही राहतो.

या रूपाची पहिली कैफियत अगदी वेगळी होती. विल्यम कुक हा मूळचा घोडागाडी हाकणारा गृहस्थ. केंट परगण्यातील ऑर्पिंग्टन या गावी राहून त्याने कोंबड्यांच्या पैदाशीचा उद्योग मांडला, आणि 1886 साली काळी ऑर्पिंग्टन लोकांपुढे आणली. मिनॉर्का जातीचे नर त्याने प्लिमथ रॉकच्या वंशात अधूनमधून निपजणाऱ्या काळ्या माद्यांना लावले, आणि त्या जोडीच्या तलंगांना पुढे चीनकडून आलेल्या लँगशान जातीचे नर लावले. हेतू सरळ व्यवहारी होता: अंडीही भरपूर मिळावीत, ताटातही गोऱ्या कातडीचे, भरपूर मांसाचे पाखरू यावे, आणि कोळशाच्या धुराने व्यापलेल्या लंडनच्या आसमंतात काजळी बसली तरी पक्षी मळका दिसू नये म्हणून रंग काळा असावा. पुढे 1889 साली पांढरी, 1894 साली बदामी, आणि राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीच्या हीरकमहोत्सवाच्या वर्षी, म्हणजे 1897 साली, त्या महोत्सवाचेच नाव धारण करणारी ठिपक्याठिपक्यांची, अशा नवनव्या रंगांच्या शाखा त्याने काढल्या. काजळीला उत्तर म्हणून जन्मलेल्या जातीत तीनच वर्षांनी पांढरा रंग यावा, यातच पुढच्या इतिहासाची चाहूल होती. बदामी शाखेवर तर तक्रारही उभी राहिली. लिंकनशायरकडील लोकांचे म्हणणे असे की, अशा रंगाची कोंबडी आमच्या मुलखात आधीपासून आहे आणि कुकने केवळ तिला नवे नाव दिले. कुकचा दावा असा की, आपली जोड स्वतंत्र आहे. हा वाद पुष्कळ वर्षे चालला, नवे नाव टिकले, आणि लिंकनशायरची मूळ कोंबडी नाहीशी झाली. तिला पुन्हा घडवण्याचा खटाटोप विसाव्या शतकाच्या अखेरीस करावा लागला.

आता प्रदर्शनाविषयी. इंग्लंडात कोंबड्यांच्या झुंजीला 1835 च्या कायद्याने मनाई झाली, आणि दहाच वर्षांनी, 1845 साली, लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयाच्या आवारात कोंबड्यांचे पहिले मोठे प्रदर्शन भरले. ईर्षा तीच राहिली, आखाडा बदलला. झुंजीत जी परीक्षा पक्ष्याची होत असे, ती प्रदर्शनात पाहणाऱ्याच्या डोळ्याची होऊ लागली. डोळा मोठा लहरी साक्षीदार असल्यामुळे त्याला लेखी बंधन घालणे भाग पडले, आणि 1865 साली टेगेटमायर या पक्षिशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली जातवार लक्षणांचा पहिला छापील जाबता प्रसिद्ध झाला. हाच टेगेटमायर डार्विनला कबुतरे आणि कोंबड्यांविषयी माहिती पुरवीत असे, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. जातींच्या चंचलतेचा सिद्धांत मांडणारा आणि जातींना ग्रंथात स्थिर करू पाहणारा, हे दोघे एकाच खुराड्यात डोकावत होते.

लेखी लक्षणांचा परिणाम काय होतो, हे ऑर्पिंग्टनच्या बाबतीत फार लवकर दिसले. कुकचा पक्षी आटोपशीर पिसांचा होता. परंतु 1891 साली लंडनच्या डेअरी शोमध्ये जोसेफ पार्टिंग्टन याने लँगशान आणि कोचिन यांच्या संकरातले, पिसांनी फुललेले प्रचंड काळे पक्षी आणून ठेवले. परीक्षकांचे मन त्यांवर बसले, आणि थोड्याच वर्षांत ऑर्पिंग्टन म्हणजे काय या प्रश्नाचे उत्तरच पालटून गेले. येथे कोणी लबाडी केली असे नव्हे. प्रदर्शनाच्या पिंजऱ्यात जे दिसते तेवढ्यालाच बक्षीस मिळू शकते. मादीने वर्षभरात किती अंडी दिली, ती खुडूक होऊन किती दिवस बसून राहिली, तिची पिल्ले किती जगली, यांतले काहीही परीक्षकाला पाहता येत नाही, आणि जे पाहता येत नाही त्याची निवडही होत नाही. निवड न झालेला गुण पिढ्यान्पिढ्या हळूहळू झडत जातो, यास कोणाचाही वाईट हेतू कारण व्हावा लागत नाही. आज प्रदर्शनाच्या घराण्यातील पक्ष्यांची पिसे इतकी दाट झाली आहेत की, जोडी लावण्यापूर्वी नरमादीच्या मागील भागाची पिसे कात्रीने कापावी लागतात, एरवी अंडी फलित होण्याचीच पंचाईत! ज्या सौंदर्यापायी वंश धोक्यात यावा, त्याला सौंदर्य म्हणावे की व्यंग, हे मी वाचकावर सोडतो. माझे मत दुसऱ्या पर्यायाकडे झुकते.

या प्रयोगाची दुसरी बाजू ऑस्ट्रेलियात आपोआप सिद्ध झाली. तिकडे गेलेल्या काळ्या ऑर्पिंग्टनांची निवड तेथील लोकांनी पिसांवरून न करता अंड्यांवरून केली, अंडी मोजण्याच्या वर्षवर्षभर चालणाऱ्या स्पर्धा भरवल्या, आणि 1922-23 साली जीलाँग येथील स्पर्धेत सहा माद्यांनी 365 दिवसांत 1857 अंडी दिली. म्हणजे दरडोई सरासरी 309.5. तोवर हा पक्षी मूळ नावाखाली ओळखू येईनासा झाला होता, म्हणून त्याला ऑस्ट्रेलॉर्प ही वेगळी जात मानण्यात आले, आणि आपल्याकडच्या कुक्कुटपालनाच्या पुस्तकांतही परदेशी जातींच्या यादीत हेच नाव आढळते. रक्त एक, मुलूख दोन, माप दोन. आणि अर्ध्या शतकाच्या आत पक्षीही दोन. जात ही निसर्गाने दिलेली वस्तू आहे, या समजुतीला याहून स्पष्ट उत्तर मिळणे कठीण.

शुद्ध रक्ताविषयीही येथे दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे, कारण वंशशुद्धीची भाषा ज्या देशात लहानपणापासून कानांवर पडते तेथील वाचकाला हे प्रकरण विशेष मननीय वाटेल. शुद्ध ऑर्पिंग्टन म्हणून जी आज मिरवते, तिच्या अंगी भूमध्य समुद्राकडील मिनॉर्का, अमेरिकेतील प्लिमथ रॉक आणि चीनकडील लँगशान यांचे रक्त आहे. बदामी शाखेत कोचिन, डॉर्किंग आणि हँबर्ग यांची भर आहे. आधी संकर झाला, मग जाबता लिहिला गेला, आणि त्यानंतर जन्मलेल्यांना शुद्धतेचा दाखला मिळाला. हा क्रम उलटा करून सांगितला जातो, एवढेच.

छंदिष्टाच्या निष्ठेची खरी कसोटी मात्र निळ्या शाखेत लागते. पाटीच्या दगडासारखा तो निळसर करडा रंग आणि प्रत्येक पिसाला गडद किनार, हे जाबत्यातील लक्षण अतिशय मोहक आहे. अडचण अशी की, निळा नर आणि निळी मादी यांच्या पिल्लांत सरासरीने निम्मीच निळी निघतात, पाव हिस्सा काळी आणि पाव हिस्सा मळकट पांढऱ्यावर शिंतोडे उडालेली. विसाव्या शतकाच्या आरंभी बेटसन आणि पनेट यांनी अंदलुसी जातीच्या निळ्या कोंबड्यांवरून या गुणोत्तराचा उलगडा केला: निळा हा रंग काळ्याच्या आणि शिंतोडी पांढऱ्याच्या बीजांचा संयोग असल्याने तो वंशात कधीही स्थिर होऊ शकत नाही. विनोद असा की, टाकाऊ मानलेला काळा पक्षी आणि टाकाऊ मानलेला शिंतोडी पक्षी यांची जोडी लावली, तर सगळीच पिल्ले निळी होतात. हे ठाऊक असूनही निळ्याच्या मागे लागलेली माणसे आहेत, आणि त्यांच्याविषयी मला आदर वाटतो. कारण आपले ध्येय हाती लागून संपणारे नाही, हे पूर्ण उमजून केलेला तो उद्योग आहे.

बाकीच्या तयारीचा तपशील थोडक्यात. पांढऱ्या आणि बदामी पक्ष्यांना प्रदर्शनापूर्वी कोमट साबणपाण्याने न्हाऊ घालून, दोन पाण्यांनी खळबळून, उबेत वाळवतात. बदामी पक्षी उन्हाने फिका पडतो म्हणून उन्हाळाभर त्याला सावलीत ठेवतात. पायांवरचे खवले जुन्या दात घासायच्या ब्रशाने साफ करतात. याविषयी हसणाऱ्यांना हसू द्यावे. हसण्याजोगे नाही ते दुसरेच: उबवलेल्या पिल्लांपैकी जवळजवळ निम्मे नर असतात, आणि पैदाशीसाठी त्यांतला एखादाच लागतो. उरलेल्यांचे काय, याचे उत्तर प्रामाणिक पाळणारे स्वयंपाकघराकडे बोट दाखवून देतात. कुकच्या मूळ हेतूची आठवण राखणारी जागा बहुधा तेवढीच उरली आहे.

त्या स्वयंपाकघरात दिसणारी गोरी कातडी आपल्याशीही एक धागा जोडते. डार्विनने 1868 साली असे प्रतिपादन केले की, सर्व पाळीव कोंबड्या लाल रानकोंबड्यापासून झाल्या. परंतु 2008 साली आनुवंशिक तपासणीत असे आढळले की, पुष्कळ जातींतील पिवळ्या कातडीचे बीज राखी रानकोंबड्याकडून आलेले आहे. हा राखी रानकोंबडा म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या रानांत पहाटे आरवणारा. कोचिन आणि प्लिमथ रॉक या दोहोंची कातडी पिवळी. इंग्रज गिऱ्हाइकाला गोरी हवी, म्हणून ऑर्पिंग्टनच्या घडणीत ती निवडून काढून टाकण्यात आली. सह्याद्रीची ती देणगी तेवढ्या रुचिभेदापायी बाद झाली, तरी तिने इतर असंख्य जातींत ठाण मांडले आहे.

माझ्या मते प्रदर्शने बंद करणे हा यावर उपाय नव्हे. ती नसती तर कुकचा पक्षी लिंकनशायरच्या कोंबडीप्रमाणे केव्हाच दप्तरजमा झाला असता. जाबत्यात एका कलमाची भर घालावी एवढेच सुचवावेसे वाटते: मादीच्या प्रवेशपत्राबरोबर तिच्या वर्षभराच्या अंड्यांचा दाखला जोडला जावा, आणि नराच्या बाबतीत त्याच्या आईचा. यावर पहिला आक्षेप कोणता येईल हेही उघड आहे. घरच्या वहीतील आकड्यांची रुजवात कोण घालणार? ऑस्ट्रेलियातील त्या स्पर्धांत पक्षी वर्षभर तिऱ्हाइताच्या आवारात ठेवून त्याच्याच माणसांकडून अंडी मोजवली जात, ती यासाठीच. आणि आपला लाडका पक्षी वर्षभर परक्याच्या हवाली करण्यास किती छंदिष्ट राजी होतील, याविषयी मला शंका आहे.